काढलं तरी परत येणारं अ‍ॅडवेअर: आधी परत आणणारा शोधा

तुमची अडचण मला कळली ती अशी. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही फुकटचं एक पीडीएफ कन्व्हर्टर टाकलंत. तेव्हापासून क्रोममध्ये काही शोधलं की मध्येच एक अनोळखी पत्ता चमकून जातो आणि निकाल दुसऱ्याच सर्च इंजिनवर उघडतात. एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) येऊन बसलंय, त्याला काढण्याचं बटणच नाही. उजव्या कोपऱ्यात दिवसभर जाहिराती येतात. अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करून ‘काही सापडलं नाही’ असं सांगितलं. क्रोम काढून पुन्हा टाकलंत, तर तासाभरात सगळं जैसे थे. म्हणून आता विचारता आहात, की विंडोज फॉरमॅटच करू का?

लगेच करू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हे बहुतेक फॉरमॅटशिवाय निघेल. शिवाय फॉरमॅट केल्यावर पहिल्याच दिवशी क्रोममध्ये आपल्या खात्याने साइन इन केलंत, तर तेच एक्स्टेन्शन सिंकमधून (खात्यातली सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन प्रत्येक कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या सोयीतून) पुन्हा उतरण्याची शक्यता आहे. मग फॉरमॅटचा सगळा खटाटोप वाया.

गेली १५ वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर साफ करतोय. चिवट अ‍ॅडवेअरच्या, म्हणजे जाहिराती लादणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बाबतीत जवळजवळ प्रत्येकाची एकच गोष्ट चुकते. लोक जे दिसतं ते काढतात: एक्स्टेन्शन, होमपेज, टूलबार. पण ते आणून लावणारा भाग वेगळा असतो आणि तो ब्राउझरच्या बाहेर असतो. तो एखादा टास्क (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) असेल, सर्व्हिस (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) असेल, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) पॉलिसी (सक्तीने लागू होणारा नियम) असेल किंवा तुमचं स्वतःचं सिंक असेल. पायपुसणं कितीही वेळा पिळलं तरी नळ उघडा असेल तोवर फरशी ओलीच राहणार. म्हणून काढायला बसण्याआधी शोधायला बसा.

एक प्रसंग सांगतो. एका निवृत्त शिक्षिकेचा लॅपटॉप माझ्याकडे आला. पैसे देऊन दोनदा ‘क्लीनिंग’ करून झालं होतं, तरी एक्स्टेन्शन परत येत होतं. मी फक्त कागद-पेन घेऊन बसलो. १० वाजून ४० मिनिटांनी एक्स्टेन्शन काढलं. ११ वाजून १७ मिनिटांनी ते परत आलं. पुन्हा काढलं. १२ वाजून १७ मिनिटांनी पुन्हा हजर. मिनिटाचा काटा नेमका तिथेच, म्हणजे हे ठरलेल्या वेळेचं काम होतं. टास्क शेड्युलर उघडला आणि यादी ‘लास्ट रन टाइम’प्रमाणे लावली. १२:१७ ला चाललेला टास्क वरच दिसला. नाव गुगलच्या अपडेटसारखं, फक्त एक अक्षर जास्त. आतल्या ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये पॉवरशेल (विंडोजचं आज्ञा चालवणारं साधन) लपलेल्या खिडकीत चालवायची आज्ञा होती आणि तिच्यापुढे अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची दोन-तीन ओळींची माळ. तो टास्क बंद केला, तो ज्या फोल्डरमधली फाइल वाचत होता ते फोल्डर काढलं, मग एक्स्टेन्शन काढलं. ते पुन्हा कधी आलं नाही. दोन्ही वेळा क्लीनिंग करणाऱ्यांनी ब्राउझरपलीकडे बघितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या बाईंना उगाच भुर्दंड पडला.

तुम्हीही हेच करा. एक्स्टेन्शन काढण्याचा प्रयत्न करा आणि ते किती वाजता परत येतं ते लिहून ठेवा. ठरावीक अंतराने आलं तर टास्क. कॉम्प्युटर सुरू केल्याबरोबर आलं तर स्टार्टअप किंवा सर्व्हिस. क्रोम उघडल्या क्षणी आलं तर पॉलिसी किंवा शॉर्टकट. साइन इन केल्यावर आलं तर सिंक. निम्मं निदान इथेच होतं.

त्याआधी एक सोपी गोष्ट बाजूला काढू. तुमच्या कोपऱ्यातल्या जाहिराती कदाचित अ‍ॅडवेअरच्या नसतीलच. कधीतरी एखाद्या साइटने ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं सांगितलं आणि तुम्ही दाबलंत, की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. पुढे ती साइट बंद असली तरी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशा धमक्या येत राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: त्या चौकोनात ब्राउझरचं नाव आणि एखाद्या वेबसाइटचा पत्ता बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, तिथून नोटिफिकेशन्स, आणि परवानगी दिलेल्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे ‘व्हायरस’ म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. त्या चौकोनात फोन नंबर असेल तर त्यावर फोन मात्र कधीच करू नका. कॉम्प्युटरचा ताबा मागणारी माणसं पलीकडे बसलेली असतात.

दुसरी तपासणी: त्याच वायफायवर असलेल्या फोनवरही भलत्याच साइट उघडतात का? उघडत असतील तर दोष कॉम्प्युटरमध्ये नाही, राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये (साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते ठरवणाऱ्या) आहे. ही काल्पनिक भीती नाही. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने हेच केलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली तेव्हा जगभरातले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर तिच्या डीएनएस सर्व्हरवर वळवलेले होते. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर तेवढ्या लोकांचं इंटरनेट गेलं असतं, म्हणून त्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर चालवावे लागले. ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. राउटरचा संशय आला तर तो फॅक्टरी रीसेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला आणि त्याचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

फोनवर सगळं ठीक आणि कॉम्प्युटरवरच त्रास असेल तर पुढे चला.

अँटिव्हायरसला काही का सापडलं नाही, याची दोन कारणं असतात. पहिलं: अ‍ॅडवेअर बहुतेकदा तुमच्याच ‘आय अ‍ॅग्री’वर आलेलं असतं. त्यामुळे कंपन्या त्याला व्हायरस न म्हणता ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड’ म्हणजे नको असण्याची शक्यता असलेलं सॉफ्टवेअर म्हणतात, आणि ते पकडण्याचं सेटिंग वेगळं असतं. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ आहे, त्यातलं ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू करा. त्याच्याखालच्या दोन्ही चौकटींत खूण हवी.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि फार कमी लोक ते तपासतात. नको असलेलं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनच्या हक्काने चाललं असेल, तर ते डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, ‘एक्सक्लूजन्स’ यादीत स्वतःचं नाव घालून ठेवू शकतं. म्हणजे ‘इथे बघू नकोस’ असं पहारेकऱ्यालाच सांगून ठेवायचं. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि तळाशी ‘एक्सक्लूजन्स’. तुम्ही स्वतः कधी काही घातलं नसेल तर ही यादी रिकामी असायला हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला मी पाहिलाय. अशा कॉम्प्युटरवर दहा वेळा पूर्ण स्कॅन केलं तरी ‘सगळं ठीक’ असंच उत्तर येणार. जे असेल ते आधी लिहून घ्या, कारण तो पत्ताच तुम्हाला मूळ फाइलपर्यंत नेईल, आणि मग काढा.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला कागदपत्रं, फोटो असं जे गमावून चालणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर घ्या. इन्स्टॉलरच्या आणि प्रोग्रामच्या फाइल मात्र घेऊ नका. एक रिस्टोर पॉइंट (बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला नेण्याची सोय) करून ठेवा. लागणारी साधनं, शक्य असेल तर दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर, त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर उतरवा: मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडब्ल्यूक्लीनर, मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स. अमुक अ‍ॅडवेअर कसं काढावं असं सर्चमध्ये टाकून जी पानं येतात त्यांपासून जपा. बऱ्याच पानांवर चार पायऱ्या नीट सांगतात आणि पाचव्या पायरीला स्वतःचा ‘क्लीनर’ गळ्यात मारतात. तो क्लीनर कधीकधी तुम्ही काढायला निघालेल्या गोष्टीच्याच जातकुळीचा असतो.

मग इंटरनेट बंद करा. केबल काढा, वायफाय बंद करा. परत आणणारा भाग हव्या त्या फाइल बहुतेकदा बाहेरून ओढतो, त्याला तेवढा वेळ हात बांधून ठेवायचं.

सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी तारखेप्रमाणे लावा. तुमचा पीडीएफ कन्व्हर्टर ज्या दिवशी आला, त्या दिवशी आणि त्याच्या आसपास आणखी काय काय आलं ते बघा. बंडल केलेल्या इन्स्टॉलरमधून सहसा एकटं कोणी येत नाही. कन्व्हर्टरसकट ती सगळी मंडळी अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉल करताना ‘खरंच काढायचं?’ असे उलटसुलट शब्दांत प्रश्न येतात, कुठलं बटण ठळक आणि कुठलं फिकट हे न बघता मजकूर वाचून उत्तर द्या. यादीत तुम्ही न टाकलेला एखादा ब्राउझर आहे का हेही पाहा. क्रोमसारखंच चिन्ह, क्रोमसारखंच रूप, पण नाव वेगळं, असे नकली ब्राउझर मूळ क्रोमच्या जागी डिफॉल्ट होऊन बसतात.

त्यानंतर टास्क शेड्युलर. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त माल इथेच सापडतो. डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक केलं की मधल्या भागात यादी येते. मायक्रोसॉफ्ट नावाच्या उपफोल्डरमध्ये विंडोजची स्वतःची शेकडो कामं असतात, ती सध्या बाजूला ठेवा. बाहेरच्या यादीतला एकेक टास्क निवडा आणि ‘ट्रिगर्स’ व ‘अ‍ॅक्शन्स’ हे दोन टॅब वाचा. मी संशय घेतो तो यांचा: पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए किंवा रनडीएलएल चालवणारे टास्क, प्रोग्रामडेटा, अ‍ॅपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधल्या फाइलकडे बोट दाखवणारे, कंसात आकडे-अक्षरांचा लांबलचक ओळखक्रमांक हेच नाव असलेले, आणि थेट एखादा वेबपत्ता उघडणारे. अ‍ॅपडेटातून चालणारा प्रत्येक टास्क वाईट नसतो, अनेक चांगले प्रोग्रामही तिथे राहतात. म्हणून डिलीट करू नका, आधी ‘डिसेबल’ करा. आठवडाभर कशालाच धक्का लागला नाही तर मग काढा. ही सवय मला अनेकदा उपयोगी पडली आहे.

इथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवा. जिकडेतिकडे ‘सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेच्या गोष्टींसह सुरू करून) जा आणि साफ करा’ असा सल्ला मिळतो. स्कॅनरसाठी तो चांगला आहे, पण टास्क शेड्युलरची सर्व्हिस सेफ मोडमध्ये सहसा चालू नसते. त्यामुळे टास्कची तपासणी नेहमीच्या मोडमध्ये, इंटरनेट तोडून करायची. सेफ मोडची वेळ नंतर येते.

पुढे ऑटोरन्स. विंडोज सुरू होताना किंवा लॉगिन करताना काय काय आपोआप चालतं, ते सगळं हा एकच प्रोग्राम दाखवतो. सिसइंटर्नल्स १९९६ मध्ये मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केलं, २००६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने घेतलं, आणि साफसफाई करणारा माणूस आजही आधी हेच उघडतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ‘ऑप्शन्स’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये डिजिटल सह्या तपासायला सांगा. मग गुलाबी रंगातल्या ओळी म्हणजे प्रकाशकाची माहिती किंवा वैध सही नसलेल्या, आणि पिवळ्या म्हणजे ज्यांची फाइलच आता जागेवर नाही. पिवळ्या बहुधा मागे राहिलेला पाचोळा असतो. गुलाबी ओळींकडे नीट बघा: फाइल कुठे आहे, कुठल्या तारखेची आहे, नाव अर्थपूर्ण आहे का. संशय आला तर पुढची खूण काढा. खूण काढली की ती नोंद बंद होते, पुसली जात नाही. चुकलं तर पुन्हा लावता येते. लॉगऑन, सर्व्हिसेस आणि डब्ल्यूएमआय (विंडोजची अंतर्गत देखरेख यंत्रणा) हे तीन टॅब आवर्जून पाहा. घरगुती कॉम्प्युटरवर डब्ल्यूएमआय टॅब साधारणपणे रिकामा असतो. तिथे स्क्रिप्ट चालवणारी नोंद दिसली तर समजा, कोणीतरी कसबाने लपलेलं आहे.

आता तुमच्या त्या काढता न येणाऱ्या एक्स्टेन्शनकडे. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘तुमचा ब्राउझर संस्था व्यवस्थापित करते’ अशा अर्थाची ओळ दिसते का? कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर ती ओळ रास्त आहे. मग काहीही न करता तो ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे न्या. घरच्या कॉम्प्युटरवर दिसली तर बहुतेक वेळा कोणीतरी तुमची ‘संस्था’ होऊन बसलंय. बहुतेक वेळा म्हणायचं कारण, काही अँटिव्हायरस आणि मुलांवर लक्ष ठेवणारे प्रोग्रामही अशी पॉलिसी घालतात. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं लिहून एंटर करा. ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ नावाची नोंद दिसली, की तुमचा चोर तिथे आहे. तिच्यापुढे ३२ अक्षरांचा ओळखक्रमांक असतो. क्रोमच्या एक्स्टेन्शनचे क्रमांक इंग्रजीतल्या ए ते पी या १६ अक्षरांचेच बनतात, त्यामुळे ती माळ चटकन ओळखू येते. एक्स्टेन्शनच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू करून तिथला क्रमांक याच्याशी जुळवून पाहा. जुळला तर तेच.

ही पॉलिसी रजिस्ट्रीत राहते. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचके लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम असं उतरत जा. तसंच एचके करंट युजरखालीही बघा. एजसाठी गुगल-क्रोमऐवजी मायक्रोसॉफ्ट-एज. कशालाही हात लावण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने प्रत काढून ठेवा. मग सक्तीची यादी असलेली ती ‘की’ (रजिस्ट्रीतलं फोल्डर) डिलीट करा. होमपेज, सर्च प्रोव्हायडर वगैरेंच्या नको त्या नोंदी त्याच क्रोम फोल्डरमध्ये असतील तर त्याही.

आणि इथेच दुसरा सापळा आहे. पुष्कळ जण रजिस्ट्रीतली की पुसतात, खूश होतात, आणि काही वेळाने ती परत दिसते. कारण अ‍ॅडवेअरने तीच आज्ञा स्थानिक ग्रुप पॉलिसीच्या (असे नियम लागू करणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेच्या) फाइलमध्येही लिहून ठेवलेली असते. सिस्टम३२ फोल्डरमध्ये ‘ग्रुपपॉलिसी’ नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, त्यात ‘मशीन’ आणि ‘युजर’ उपफोल्डरांत ‘रजिस्ट्री’ नावाची पीओएल फाइल. पार्श्वभूमीत ग्रुप पॉलिसी साधारण दर ९० मिनिटांनी पुन्हा लागू होते, त्यात ३० मिनिटांपर्यंत भर पडू शकते. तुमचं एक्स्टेन्शन दीड-दोन तासांच्या अनियमित अंतराने परत येत असेल तर संशयाची पहिली जागा ही. घरच्या कॉम्प्युटरवर, जिथे तुम्ही स्वतः कधी ग्रुप पॉलिसी लावलेली नाही, तिथे त्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग रजिस्ट्रीतली की पुन्हा पुसा. क्रोमच्या पॉलिसी पानावर ‘रीलोड’ दाबून यादी रिकामी झाली का पाहा.

फायरफॉक्समध्ये हाच प्रकार त्याच्या प्रोग्राम फोल्डरमधल्या ‘डिस्ट्रिब्युशन’ फोल्डरातल्या पॉलिसी फाइलमधून होतो.

शॉर्टकट तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी तो राहतोच. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत वाचा. बाणाच्या कळीने उजवीकडे सरका, कारण चौकट छोटी असते आणि घातलेला मजकूर तिच्या बाहेर लपतो. साध्या शॉर्टकटची ओळ क्रोमच्या एक्सई फाइलपाशी आणि तिच्या अवतरणचिन्हापाशी संपते. त्यापुढे वेबपत्ता असेल, किंवा दोन आडव्या रेघांनंतर ‘लोड एक्स्टेन्शन’ अशी सूचना असेल, तर तेवढा भाग पुसून टाका. टास्कबारवर पिन केलेलं चिन्ह आणि स्टार्ट मेनूतलं चिन्ह हे वेगळे शॉर्टकट आहेत, तिन्ही बघा. सोपं म्हणजे सगळे काढून मूळ फाइलवरून नवे करा.

आता स्कॅनर. इंटरनेट पुन्हा जोडा आणि कॉम्प्युटर ‘सेफ मोड विथ नेटवर्किंग’मध्ये सुरू करा. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ दाबलं की तिथे जाता येतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी जवळ ठेवा, वाटेत मागितली जाते. मग अ‍ॅडब्ल्यूक्लीनर चालवा. अ‍ॅडवेअर, टूलबार आणि ब्राउझर पळवणारे प्रकार यांच्यासाठीच ते बनवलेलं आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी, प्रॉक्सी (वाहतूक मध्येच वळवणारा मध्यस्थ) आणि होस्ट्स फाइल (साइटच्या पत्त्यांची कॉम्प्युटरमधली यादी) मूळपदावर आणण्याचे पर्याय आहेत, ते चालू करा. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने आधीपासून टाकलेली सॉफ्टवेअरही ते दाखवतं. ती वेगळ्या गटात असतात, नको असतील तरच काढा. त्यानंतर मालवेअरबाइट्सचं पूर्ण स्कॅन. आणि शेवटी नेहमीच्या मोडमध्ये येऊन ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्यांना लपायला जागा उरत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचं सफाईचं साधन होतं, पण मार्च २०२३ मध्ये, क्रोमच्या १११ व्या आवृत्तीपासून, ते काढून टाकलंय. जुन्या लेखांत त्याचा मार्ग दिलेला असतो, तो शोधत बसू नका.

स्कॅननंतर अचानक इंटरनेट बंद पडलं तर घाबरू नका. अ‍ॅडवेअरने तुमची सगळी वाहतूक स्वतःच्या प्रॉक्सीतून नेलेली असते. प्रोग्राम गेला, पण सेटिंग अजून त्याच्याकडेच बोट दाखवतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. ‘मॅन्युअल प्रॉक्सी’ आणि ‘सेटअप स्क्रिप्ट’ दोन्ही बंद करा. १२७.०.०.१ हा पत्ता आणि त्यापुढे पोर्टचा आकडा दिसला तर ते त्याचंच उरलेलं शेपूट. तिथून जवळच डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ आहे का बघा. आणि सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमधली होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा. मूळ फाइलमध्ये सगळ्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात. तशी नसलेली आणि तुम्ही न लिहिलेली ओळ संशयास्पद. फाइल तळापर्यंत सरकवा. शेकडो रिकाम्या ओळींखाली अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्ते अडवणाऱ्या ओळी लपवलेल्या असू शकतात.

एक जागा अजून, आणि ती मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते: प्रमाणपत्रं, म्हणजे साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या डिजिटल नोंदी. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झालेलं सुपरफिशचं प्रकरण आठवा. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर हे अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच टाकलेलं होतं. एचटीटीपीएस (सुरक्षित, कुलपाच्या चिन्हाच्या) पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते विंडोजमध्ये स्वतःचं रूट प्रमाणपत्र बसवत होतं, आणि त्याची खासगी किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा संशोधकाने तिचा पासवर्ड काही तासांत शोधून काढला. म्हणजे त्या लॅपटॉपवर कुलपाचं चिन्ह दिसत असूनही, त्याच नेटवर्कवरचा कोणीही बँकेचं खोटं पान खरं म्हणून दाखवू शकला असता. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी ते प्रमाणपत्र मागे राहत होतं, ते वेगळं काढावं लागे. म्हणून विंडोजच्या सर्च चौकटीत ‘मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स’ शोधा आणि ‘ट्रस्टेड रूट’ची यादी बघा. तुमच्या कन्व्हर्टरच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावाचं काही असेल तर ते तिथे असायचं काहीच कारण नाही. ओळखीची नसलेली इतर नावं मात्र सरसकट पुसू नका, बरीच खरी असतात.

आता शेवटी ब्राउझर. लोक सुरुवात करतात तिथे आपण सगळ्यात शेवटी आलो. आधी सिंक: क्रोमच्या खात्याच्या सिंक पानावर जाऊन सर्व्हरवरचा डेटा पुसा. त्याआधी बुकमार्क एक्स्पोर्ट करून घ्या आणि पासवर्ड दुसरीकडे सुरक्षित आहेत याची खात्री करा. त्याच खात्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्रोम चालत असेल तर तिथलंही एक्स्टेन्शन काढा, नाहीतर तो दुसरा कॉम्प्युटर ते पुन्हा वर चढवेल. मग क्रोमच्या सेटिंग्जमधलं ‘रीसेट’ करा. आणि एक्स्टेन्शन परत चालू करताना एकेक करून, मध्ये एक दिवस ठेवून चालू करा. कधीकधी दोषी तेच निघतं जे तुम्ही स्वतः तीन वर्षांपूर्वी टाकलंत आणि ज्यावर तुमचा विश्वास आहे. चांगली एक्स्टेन्शन विकली जातात, आणि नवा मालक एका अपडेटमधून जाहिराती घुसवतो.

यानंतर दोनदा रीस्टार्ट करा आणि तुम्ही नोंदवलेल्या अंतराच्या किमान तिप्पट वेळ वाट बघा. तासाने परत येत होतं तर तीन तास.

फॉरमॅट कधी करायचा, तेही स्पष्ट सांगतो. डिफेंडर चालूच होत नसेल, टास्क मॅनेजर किंवा ऑटोरन्स उघडताक्षणी आपोआप बंद होत असेल, तुम्ही न केलेलं अ‍ॅडमिन खातं दिसत असेल, किंवा त्या कन्व्हर्टरसोबत क्रॅक केलेलं एखादं सॉफ्टवेअरही टाकलं असेल, तर वेळ न घालवता फॉरमॅट करा. क्रॅकसोबत येणारे प्रोग्राम बऱ्याचदा ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (साइन इन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरणारे असतात. जाहिराती हा त्यांचा फक्त दिसणारा भाग. अशा वेळी स्वच्छ कॉम्प्युटरवर मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज बनवा आणि जुनी पार्टिशन पुसून नव्याने टाका. डिजिटल लायसन्स त्या हार्डवेअरशी जोडलेलं असल्याने विंडोज सहसा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. आणि साइन इन करण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे सिंकचा डेटा पुसलेला असू द्या.

पासवर्ड दोन्ही परिस्थितींत बदला. आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. सफाई पुरी होईपर्यंत हे काम त्या कॉम्प्युटरवर करू नका, फोनवरून करा. पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ दाबा; चोरलेली कुकी नव्या पासवर्डने आपोआप निकामी होईलच असं नाही.

इतकं करूनही एक्स्टेन्शन परत आलं, तर मला या गोष्टी कळवा: ते काढल्याची आणि परत आल्याची वेळ, क्रोमच्या पॉलिसी पानाचा स्क्रीनशॉट, एक्स्टेन्शनचा ३२ अक्षरी क्रमांक, आणि टास्क शेड्युलरमधल्या बाहेरच्या यादीचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये तुमचं नाव किंवा ईमेल दिसत असेल तर ते आधी झाका.